भाभींच्या घराची जागा

"टाकू नकोस. आधी दाखव."

आमच्या चाळीत कुणी कचऱ्याची बादली घेऊन निघालं की मावशींचा हात आडवा यायचा. उंबऱ्यावर बसल्या बसल्या त्या बादलीत डोकवायच्या आणि कुकरची फाटकी रिंग, पर्सची तुटकी चेन, गाळणीची जाळी, असलं काहीतरी उचलून घ्यायच्या. तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल. ती बहुतेक ते सगळं माळ्यावर कोंबत असेल. मावशी ते कापडावर शिवायच्या.

अंबरनाथ पूर्वेला, पालेगावच्या वाटेवर आमची चाळ होती. उल्हासनगरच्या कारखान्यांतून मावशी जीन्सची कात्रणं गोणीने आणायच्या, गोधडीसारखी जुन्या साडीवर जोडायच्या आणि वर ही भंगारातली नक्षी. गाळणीच्या जाळीचा चंद्र, शर्टाच्या कॉलरची होडी. मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. कॉलेजातलं एक प्रदर्शन बघून आले आणि ऐटीत म्हणाले, "मावशी, याला कला म्हणतात."

"म्हणू दे. तू दोरा ओव."

चाळ पाडून टॉवर बांधायचं ठरलं आणि माणसं भाड्याच्या खोल्यांत पांगली. मावशी मुलासोबत बदलापूरला गेल्या. तिथे खिडकीतून बघायला ओळखीचं कुणी नव्हतं. मग त्यांनी चाळच शिवायला घेतली. एका मोठ्या कापडावर सगळी घरं, जशी होती तशीच ओळीने, आणि प्रत्येक घराच्या जागी त्या घरातली एक वस्तू.

वस्तू मागायला मावशी आमच्याकडे आल्या तेव्हा मी आईला म्हटलं, तुझ्या जुन्या साडीचा काठ दे. आईने ट्रंकेतली, जयंतीला नेसायची पांढरी साडी बाजूला सारली आणि तळातून माझ्या कॉलेजच्या आयकार्डाची निळी पट्टी काढली. म्हणाली, "हीच लाव. आमच्यात कुणाच्या गळ्यात असलं काही पडलं नव्हतं." मला अजूनही तिचा अभिमान वाटतो. त्या पट्टीचाही.

एक घर मात्र राहिलं. शेजारच्या सिंधी भाभींचं. चाळीत असताना दोघींचं फाटलं होतं. मावशींच्या धुतलेल्या कात्रणांचं निळं पाणी भाभींच्या वाळत घातलेल्या पापडांवर गळलं, तेव्हापासून बोलणं बंद. चाळ सोडतानाही बोलल्या नाहीत. भाभी आता उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये मुलाकडे.

मावशींचे डोळे साखरेने अधू होत चालले होते. नजर जायच्या आत चाळ पुरी व्हायला हवी, एवढाच त्यांचा घोर. मला घेऊन भाभींकडे गेल्या. दार वाजवलं.

"कौन?"

"मी. निळ्या पाण्याची."

दार उघडलं. भाभींनी वरपासून खालपर्यंत बघितलं. "अब आयी? पापड तो खतम हो गए."

"पापड नको. घरातलं काहीतरी टाकाऊ दे."

"माझ्या घरात टाकाऊ काय नसतंय. बैठ. चाय पी."

चहा झाला, पापडही आले. निघताना भाभी म्हणाल्या, "ढूँढके रखती हूँ. पुढच्या गुरुवारी ये."

पुढच्या गुरुवारी वस्तू सापडली नव्हती. त्याच्या पुढच्याही नाही. मावशी दर गुरुवारी जायच्या, दुपारभर दोघी चाळीतल्या बायकांची उणीदुणी काढायच्या आणि वस्तूचं निघतानाच आठवायचं. इकडे मावशींना मोठ्या सुईचं नेढंही दिसेनासं झालं. शेवटी मीच जिन्यात भाभींना गाठलं.

"भाभी, द्या ना काहीतरी. त्यांना आता नीट दिसत नाही."

भाभी कठड्याला धरून उभ्या राहिल्या. "दे दूँगी, तो फिर कशाला येईल ती? बदलापूरहून, एवढ्या रिक्षा बदलून?"

रिक्षात मी मावशींना सांगावं की नाही या विचारात होते. शेवटी सांगितलं. त्या खुदकन हसल्या.

"मला काय कळत नाही? तिची शोकेस भरलीय नुसती."

"मग दुसरं काहीतरी लावून पुरं करा. नजर आहे तोवर."

"तिच्या घरात मी कशाला काही ठेवू? तिचं ती ठेवेल." थोड्या वेळाने म्हणाल्या, "राहू दे गं. एवढं एक घर उघडंच राहू दे."

पुढे मावशींना दिसायचं जवळजवळ बंद झालं. तरी हात धरून जिना चढायच्या. मग तेही थांबलं. त्या गेल्या, तेव्हा त्यांच्या मुलाने ते कापड घडी करून माझ्याकडे आणून दिलं. "आई म्हणाली होती, ताईकडे राहू दे."

आता ते माझ्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर आहे. जुनी माणसं येतात, आपापलं दार शोधतात, त्यावर बोट फिरवतात. मावशींच्या घराच्या जागी त्यांच्या नवऱ्याच्या खाकी शर्टाचा खिसा आहे. शेजारी नुसतं कापड.

भाभींचा फोन येतो, बहुतेक गुरुवारीच.

"बेटा, चीज मिल गयी. आज येते लावायला."

"या ना. सुई काढून ठेवते."

दुपार होते, संध्याकाळ होते. भाभी येत नाहीत. मीही परत फोन करत नाही.