बंद हातपंप, लाल दार आणि एका शिंगाचा बैल

सुगंधाबाईला वाचता येत नाही हे तिच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ते तिच्या तोंडावर बोलून दाखवायची कुणाची छाती नाही. कुरखेड्याहून एसटीने पाऊण तासावर चिचटोला नावाचं तिचं गाव. धानाची रोवणी लागली की पाच गावांतल्या अडतीस बाया तिच्या शब्दावर चिखलात उतरतात. कोणत्या दिवशी कुणाच्या धानाच्या बांधीत जायचं, दुपारी किती वेळ सावलीत बसायचं, घरी बाळंतीण आहे म्हणून कुणाला सोडायचं, सगळं ती ठरवते. नवव्या वर्षापासून ती रोवते आहे, आता पंचावन्नाची झाली. कंबर वाकते, पण फक्त बांधीत.

कधीकाळी गावात साक्षरतेचा वर्ग निघाला होता. शिकवणारा दर दोन वाक्यांनी 'तुम्ही अडाणी लोक' म्हणायचा. सुगंधाबाई चार दिवस गेली, सही शिकली, आकडे शिकली, आणि पाचव्या दिवशी "माया कामापुरतं झालं" म्हणून घरी बसली. यात हट्ट तिचा होता म्हणा, पण जीभ त्या मास्तराची होती.

सात वर्षांपूर्वी तिचा एकुलता मुलगा निकेश भद्रावतीला विजेच्या कामावर लागला आणि जाताना आपला वापरलेला फोन आईला देऊन गेला. सुरुवातीला ती शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून नंबर लावून घ्यायची. एकदा शेजाऱ्याने भलत्याच बाईला फोन लावला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता अर्धी टोळी एका बांधावर आणि अर्धी दुसऱ्या बांधावर उभी. त्या दिवशी तिने ठरवलं, आपला फोन आपणच लावायचा. कुरखेड्याच्या अकरमच्या मोबाईल दुकानात तेव्हा त्याची बहीण उमेरा बसायची. नंबरापुढे फोटो कसा चिकटवायचा ते तिने दाखवलं. नावं उमेराने टाकली, फोटो सुगंधाबाईने काढले.

चेहऱ्यांचे नाही. "एवढ्याशा गोलात समद्या बाया सारख्याच दिसतेत, डोक्यावर पदर नि तोंडावर ऊन," असं तिचं म्हणणं. म्हणून तिने घरोघरची एकेक वस्तू टिपली. पुनम म्हणजे लाल दार. ललिता म्हणजे छपरावरचा कोहळा. टेम्पोवाला बिरजू म्हणजे चाक. सरपंच म्हणजे बंद पडलेला हातपंप. आणि पल्याडच्या गावचे मोठे शेतकरी नानाजी म्हणजे त्यांच्या गोठ्यातला एका शिंगाचा बैल. यात काही चिडवणं नाही, असं ती शपथेवर सांगते. बैलाचं शिंग खरंच मोडलेलं आहे.

यंदा तो फोन अखेरच्या घटका मोजू लागला. बॅटरी फुगली, मागचं झाकण बसेना, तिने त्याला रबर लावलं. रोवणीला आठ दिवस उरले होते. निकेश दोन दिवसांच्या सुट्टीवर आला, आईचा फोन खिशात घालून कुरखेड्याला गेला आणि संध्याकाळी नवा कोरा फोन घेऊन परतला.

"घे माय. एकशे त्रेचाळीस नंबर होते, एकशे त्रेचाळीस आले. समदे सिमवर घेतले नि इकडं टाकले."

सुगंधाबाईने फोन उघडला. एकाखाली एक रंगीत गोल, आणि प्रत्येक गोलाच्या मधोमध एकेक अक्षर. तिने वर सरकवलं, खाली सरकवलं. गोलच गोल.

"हातपंप कुठी हाय?"

"कोनता हातपंप?"

"पुनमचं दार? कोहळा कुठी गेला?"

निकेश हसला. "थे फोटो सिमवर येत नाई माय. आन् पाह्यजे कायले? नावं आली ना. सरपंचाच्या नावापुढं बंद हातपंप, कोनी पाह्यलं तं काय म्हनंल?"

"मंग त्यानं सुधरवावा हातपंप. जुना फोन कुठी हाय?"

"अकरमभाऊकडं. बदल्यात देल्ला."

सुगंधाबाईला राग आला की ती ओरडत नाही, पदर खोचते. तिने पदर खोचला. निकेशला तेवढ्यावरून कळायला हवं होतं, पण शहराने त्याची जुनी समज जरा बोथट केली होती. तो पुढे म्हणाला, "नानाजीभाऊचा फोन आलता. धानाचे पऱ्हे रोवाले तयार झाले म्हने. त्यायनं सांगतलं, बायायचे नंबर मले पाठवून दे, मीच लावतो फोन, तुया मायले कायले तरास?"

घोडं कुठे पेंड खातंय ते आता तिला कळलं. तीन वर्षांपूर्वी नानाजींनी बायांना परस्पर निरोप धाडले होते. एकीला सांगितलं दुसरी कबूल झाली, दुसरीला सांगितलं पहिली कबूल झाली. दुपारचं बसणं बंद केलं. दुसऱ्या दिवशी ललिता चक्कर येऊन चिखलात तोंडावर पडली, आणि तिला ओढून काढायला सुगंधाबाईच धावली. तेव्हापासून टोळीचा कायदा झाला: निरोप सुगंधाबाईच्या फोनवरून आला तरच घराबाहेर पडायचं. एकेकीला वेगळं बोलावलं की एकेकीला वेगळं वाकवता येतं, हे त्या चिखलाने शिकवलं होतं. आणि आता तिच्याच पोराच्या हातून तिचा फोन मुका झाला होता. आपलेच दात, आपलेच ओठ.

"पाठवले नंबर?"

"नाई अजून. उद्या सकाळी पाठवीन म्हनलं."

"पाठवशील तं याद राख," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली.

"मी नाव वाचून दाखवत जाईन ना माय. नाई तं शेजारचं कोनी..."

"सात वर्सं कोनाच्या दारात गेली नाई मी. आता जाऊ?"

सकाळी निकेश उठायच्या आत ती पहिल्या एसटीने कुरखेड्याला पोचली. अकरमचं दुकान नऊला उघडतं. ती आठलाच पायरीवर बसली. शटर वर जायच्या आधी अकरमला तीच दिसली.

"माया फोन दे अकरमभाऊ."

"बाई, वो तो बदली में गया," अकरम म्हणाला. तो चांगला माणूस, पण धंद्यातला. "चार बजे माणूस येते जुने फोन न्याले. त्याच्या आधी मले तो साफ करा लागते."

"कर ना साफ. पयले मले साफ कर, मंग फोन."

अकरमने डोकं खाजवलं, ड्रॉवर उघडला. फोन होता तसाच होता, रबरासकट. त्याने चार्जर लावला, दोन्ही फोन समोरासमोर ठेवून पाहिले, पण जुना इतका जुना की नव्याची भाषा त्याला कळेना. शेवटी त्याने वायर जोडली. गठ्ठ्याने फोटो नव्या फोनमध्ये आले: दारं, चाकं, कोहळे, कोंबड्या, सगळे एका ढिगात.

"फोटो आले बाई. पन कोनता फोटो कोनाचा, थे एकेक करून हातानं लावा लागन. पूरा दिन जाईल. मले गिऱ्हाईक हायेत."

"तू नको बसू. ज्यानं मोडलं, तोच जोडंल."

तिने नवा फोन घेतला आणि कुणालाही न विचारता दहा आकडे दाबले. अकरम बघतच राहिला. "निकेश, उठला का? अकरमभाऊच्या दुकानात ये. येताना जेवून ये, इथी येळ लागन."

निकेश अकराच्या एसटीने आला, तोंड फुगवून. सुट्टीतला एक दिवस गेला, हे त्याच्या कपाळावर लिहिलेलं होतं. अकरमने काउंटरच्या आत दोन स्टूल मांडले. जुन्या फोनवर नाव आणि फोटो बघायचा, नव्यावर तेच नाव शोधायचं, ढिगातला तोच फोटो चिकटवायचा. निकेशने दहा नंबर केले, वीस केले, मग कुरकुरला, "माय, इतक्या येळात तुले अक्षरं शिकवली असती मी."

"इतक्या येळात तू माये फोटो शिक. तुले कोनी अडाणी म्हनलं का?"

दुकानात चार्जर घ्यायला आलेला एक माणूस खुदकन हसला आणि निकेशने मान खाली घातली. अठ्ठावन्नाव्या नंबरावर जुना फोन तापला, पडदा एकदा थरथरला आणि काळा झाला. अकरमने बटण दाबलं, चार्जर बदलला, फोन हातावर आपटून पाहिला. काही नाही.

"गेला बाई," अकरम हळूच म्हणाला.

निकेशने सुस्कारा सोडला. तो सुटकेचा होता, आणि ते आईने ओळखलं. "आता काय करतं माय? बाकीचे राहू दे नावानंच."

पंचाऐंशी घरं एका क्षणात अंधारात गेली होती. पण ती स्टूलवरून हलली नाही.

"फोन मेला. मी नाई मेली. नाव वाच."

"कोनतं?"

"पुढचं."

निकेशने नाव वाचलं. तिने ढिगात बोट ठेवलं: कुडाच्या भिंतीवर टांगलेलं सूप. त्याने पुढचं वाचलं. तिने बोट ठेवलं: उलटा घडा. ती थांबत नव्हती. थांबायची ती फक्त सांगायला. लाल दार आधीच लागलं होतं, त्याची गोष्ट तिने आता सांगितली. पुनमच्या नवऱ्याने ते रंगवलं आणि दुसऱ्याच महिन्यात घर सोडून गेला. रंग उडाला तेव्हा पुनमने स्वतः आणून पुन्हा लालच लावला, लोकांनी बोलायचं ते बोलावं. निकेश पुनमला लहानपणापासून ओळखत होता आणि हे त्याला माहीत नव्हतं.

मग एक फोटो आला, दोन वेगवेगळ्या जोडांमधल्या दोन चपलांचा.

"हे कोन?"

"थे गेली मागच्या वर्सी. तापानं. एक चप्पल बांधीत फसली तं दुसरी कोनाची घालून घरी गेली होती, आन् दोन वर्सं तशीच वापरली. नंबर आता तिच्या पोरीकडं हाय."

"मंग पोरीचा फोटो टाकू?"

"थोच राहू दे."

निकेशने चपला चिकटवल्या. त्यानंतर तो कुरकुरला नाही. तीनच्या सुमाराला तर तोच आधी ओळखू लागला, "ही कोंबडी म्हंजे पाटावरची बुढी ना?" आणि बरोबर निघालं की लहानपणी पाढा बरोबर आल्यावर बघायचा तसा आईकडे बघू लागला. तिने कौतुक वगैरे काही केलं नाही. "पुढचं वाच," म्हणाली.

चारला जुने फोन नेणारा माणूस आला. अकरमने रबरासकट तो मेलेला फोन त्याच्या हातात ठेवला आणि म्हणाला, "साफ कराची गरजच नाई राह्यली."

शेवटचा फोटो चिकटवला आणि तेवढ्यात निकेशचा फोन वाजला. नानाजी. आवाज एवढा मोठा की काउंटरपलीकडे ऐकू येत होता.

"काऊन रे, पाठवून राह्यला का नाई नंबर?"

निकेशने आईकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती, बाहेर रस्त्याकडे बघत होती, आणि हे त्याला जास्त जड गेलं.

"नंबर मायकडं हायेत भाऊ," तो म्हणाला. "टोळी तिची हाय. तिच्याशी बोला." आणि त्याने फोन ठेवला.

सुगंधाबाईने नवा फोन हातात घेतला. बोटाने वर सरकवलं. सूप गेलं, चाक गेलं, हातपंप गेला. एका शिंगाच्या बैलावर तिने अंगठा दाबला.

"नानाजीभाऊ, सुगंधा बोलून राह्यली. सोमवारी अडतीस बाया येतीन. दुपारी दोन घंटे सावलीत बसतीन. बोलवनं-सांगनं माया फोनवरून. कबूल असन तं हो म्हना. नाई तं सोमवारची बांधी दुसऱ्याची."

रोवायला आलेली रोपं, हे पऱ्हे, जास्त दिवस थांबत नाहीत, हे नानाजींनाही ठाऊक होतं आणि तिलाही. मग "हो" आलं. पडेल आवाजात आलं, पण आलं.

अकरमने न सांगता चहा मागवला. निकेश चहा पिता पिता नवा फोन खाली-वर करत होता. एकदा केला, दोनदा केला.

"माय, माया नंबरापुढं फोटो नाई."

"नाई."

"जुन्यातबी नोहता?"

"नोहता."

"सरपंचाले हातपंप, बिरजूले चाक, न मले कायीच नाई?" तो हसत म्हणाला, पण ते हसणं पुरतं जमलं नाही.

"तुया कायले पाह्यजे? ज्यायले शोधा लागते त्यायले फोटो. तुया नंबर मले पाठ हाय. फोन असो का नसो." तिने बशी खाली ठेवली. "आता माया सांग."

निकेशने तोंड उघडलं. "नव्वद..." तो म्हणाला. "नव्वद, एक..." त्याचा हात खिशातल्या फोनकडे गेला. तिने त्याच्या खिशावर हात ठेवला.

"पाहून नोको सांगू."

त्याला येत नव्हता. सात वर्षांत हजारदा लावलेला नंबर, आणि त्यातले तीनच आकडे त्याला येत होते. तो अकरमकडे बघायला लागला. अकरमने काउंटर पुसायला घेतलं.

स्टँडवर साडेपाचच्या एसटीने हॉर्न दिला. सुगंधाबाईने नवा फोन कमरेला खोचला आणि पिशवी उचलली.

"चाल. गाव येईवरी पाठ करून दाखव."

त्या दिवशी चिचटोल्याच्या एसटीत, खिडकीजवळच्या सीटवर बसून, अठ्ठावीस वर्षांचा निकेश आपल्या आईचा नंबर मोठ्याने म्हणत होता, आणि चुकला की ती त्याला पहिल्या आकड्यापासून पुन्हा सुरू करायला लावत होती.