धांदलरावासाठी मशीन ग्रे

कंपनीच्या गेटवरून मदत घेऊन आलेला पहिला माणूस मशीन ग्रेचा डबा घेऊन आला. मशीन ग्रे म्हणजे लेथसारख्या यंत्रांना देतात तो राखाडी ऑइलपेंट. डबा वीस लिटरचा. सायकलच्या कॅरिअरला जुन्या ट्यूबने बांधून त्याने तो पिंपरीहून चिंचवडपर्यंत आणला होता.

"ताई, तुमचे रंग जळाले म्हणं," तो म्हणाला. "हा घ्या. धा वर्षं उडत न्हाई."

आमचा सगळ्यात मोठा ब्रश करंगळीपेक्षा बारीक होता. मी डबा ठेवून घेतला.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी चिंचवड गावठाणातल्या एका कार्टून स्टुडिओत ट्रेसर होते. स्टुडिओ म्हणजे पिठाच्या गिरणीमागची पत्र्याची शेड. मालक, दिग्दर्शक आणि चित्रकार एकच, वैद्य सर. आम्ही एका मोठ्या कारखान्यासाठी सेफ्टीच्या फिल्म करायचो. गॉगल घाला, हातमोजे घाला, चालू मशीन पुसू नका. जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये पडदा लावून त्या दाखवत.

प्रत्येक फिल्ममध्ये धांदलराव नावाचा कामगार असे. टक्कल, झुपकेदार मिशी, शर्टाचं एक बटण कायम उघडं. तो नको ते करायचा आणि त्याचं काहीतरी कापायचं, भाजायचं किंवा चेंगरायचं. लोकांचा तो फार लाडका. एकाने बैलाचं नाव धांदलराव ठेवलं होतं.

सर कागदावर चित्र काढत. मी ते सेलवर, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकच्या पातळ पानावर, शाईने गिरवायची आणि मागून रंग भरायची. पडद्यावर धांदलराव एक सेकंद हलायला अशी बारा चित्रं लागत. श्रावणातल्या एका दुपारी यातलं सगळं जळालं. सेल, रंग, कॅमेरा अडकवायचा स्टँड. कॅमेरा दुरुस्तीला पुण्यात होता म्हणून वाचला. सर धांदलरावाची मूळ चित्रं आणायला दोनदा आत गेले. चित्रं आली, पण त्यांचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला.

पुढची फिल्म दसऱ्याला द्यायची होती. डॉक्टर म्हणाले, दिवाळीपर्यंत पेन्सिलचं नाव काढू नका.

कँटीनमध्ये बातमी गेली आणि माणसं येऊ लागली. गॉगल आले. हातमोजे आले, तेही सगळे डाव्या हाताचे. एका बाईंनी सरांसाठी हळदीचा लेप पाठवला. एक्स-रे काढणारे एक गृहस्थ जुन्या फिल्मचा गठ्ठा घेऊन आले आणि म्हणाले, "सोड्याच्या गरम पाण्यात धुतल्या तर आरपार दिसतात." हे मात्र खरोखर कामाचं होतं. सेलऐवजी त्याच वापरायच्या म्हणून मी आठवडाभर लोकांची हाडं धूत बसले. एका सेलवर कुणाचं तरी मनगट पुसट राहिलंच.

टूलरूममधून मुलाणी चाचा आले. टूलरूम म्हणजे कारखान्याला लागणारी अवजारं जिथे बनतात तो विभाग. चाचा तिथले जुने फिटर, मावळातले. आल्या आल्या त्यांनी काठीने राख उकरायला सुरुवात केली.

"आग कशानं लागली, सायेब?"

"शॉर्ट सर्किट," सर म्हणाले. ते सगळ्यांना हेच सांगत होते.

चाचांनी राखेतून हीटरची वायर ओढून काढली. मग भिंतीवरचा वितळलेला बोर्ड पाहिला. "वायरीला प्लगच न्हाई. नुसत्या तारा खोसल्या हुत्या भोकात."

माझे कान तापले. दमट हवेत रंग वाळत नव्हते. हीटरचा प्लग तुटला होता. मी उघड्या तारा बोर्डात घातल्या, निसटू नयेत म्हणून काडेपेटीच्या दोन काड्या ठोकल्या आणि घरी जेवायला गेले. आदल्याच महिन्यात आम्ही ह्याच विषयावर फिल्म केली होती. तिच्यातल्या काड्या मीच रंगवल्या होत्या.

"माझ्याकडूनच झालं ते," सर म्हणाले.

"नाही चाचा," मी म्हणाले. "मी केलं. सरांना माहीत आहे."

चाचांनी वायर परत राखेत टाकली. "तुमचा त्यो पिक्चर बघून लई हसलो," ते म्हणाले. "आन् परत जाऊन आमच्या पंख्याची काडी घट्ट केली. अजून तशीच हाय."

"कुणाला सांगू नका," मी म्हणाले. "लोक मदत बंद करतील."

"म्या कशाला सांगू? तूच सांग, पोरी. माणसं स्वतःच्या घरातलं उचलून आणत्यात. त्यांना ठावं पायजे कशासाठी."

दुसऱ्या दिवशी सेफ्टी ऑफिसर रानडे साहेबांची परवानगी काढून मी जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या बाकावर उभी राहिले. समोर चारशे डबे उघडलेले. मी जे केलं ते सांगितलं. मदत गेली आणि बहुतेक नोकरीही गेली, असं मी धरून चालले.

मग मागून आवाज आला. "ताई, काडी कुठल्या छापाची हुती?"

अख्खं कँटीन हसलं. मला रडू आलं आणि मग मीही हसले. त्या आठवड्यात आम्हाला अकरा नवे प्लग मिळाले. स्टुडिओत बोर्ड एकच होता.

चाचांच्या टूलरूमने कॅमेऱ्याचा स्टँड करून दिला. मोडीतला पाइप, जुन्या ड्रिल मशीनचा खांब. कॅमेरा केसभरही हलू नये एवढंच आम्हाला हवं होतं. त्यांनी तो असा केला की ट्रक गेला तरी हलेना. वजन इतकं की शेडची फरशी खचली. मग गवंडीकाम येणारे दोघे रविवारी आले आणि फरशी करून गेले.

स्टँड बसवून झाल्यावर चाचांनी रुमालाने हात पुसले. "सगळ्यांचं एक म्हणणं हाय, सायेब. धांदलरावाला आता काय व्हायला नको."

"म्हणजे?"

"आगीतनं वाचलाय त्यो. लई भोगलं त्यानं. पुढच्या पिक्चरात बोट बीट तुटायला नको."

रानडे साहेबांना हे कळल्यावर ते खुर्चीतून उठले. "वैद्य, अपघात नसेल तर ती सेफ्टी फिल्म कशी? मग काय, धांदलराव गॉगल घालून घरी गेला, असं दाखवायचं?"

"लोकांनी स्टुडिओ उभा केलाय, साहेब."

"आणि फिल्मची ऑर्डर मी दिलीय."

दोघांचंही खरं होतं. सरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. दसऱ्याला तीन आठवडे उरले होते.

"अपघात दुसऱ्या कुणाला झाला तर?" मी विचारलं.

"कुणाला?"

"मला."

फिल्ममध्ये धांदलराव पाहुणा म्हणून एका स्टुडिओत येतो. तिथे माझ्यासारखीच दोन वेण्यांची एक बाई बोर्डात काड्या ठोकत असते. धांदलराव तिला थांबवायला जातो, ती त्यालाच ओरडून हाकलते. मग वेणी पेटते. सर शेजारी बसून सांगायचे आणि मी काढायची. पहिल्यांदाच मी गिरवत नव्हते, चित्र काढत होते. माझ्या रेषा थरथरत. सर म्हणाले, "राहू दे. घाबरलेली बाई अशीच दिसते." स्टुडिओचा पत्रा, स्टँड, बोर्ड, सगळं मी मशीन ग्रेनेच रंगवलं, टर्पेंटाइन घालून पातळ करून. रंग खरा दिसला, पण वाळायला दोन-दोन दिवस लागले. हीटर कुणी लावू दिला नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी फिल्म कँटीनमध्ये लागली. वेणी पेटली तेव्हा पहिल्या रांगेतल्या एकाने पाण्याचा पेला पडद्याच्या दिशेने धरला. पुसट मनगट एका दृश्यात झळकून गेलं. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. धांदलराव प्रथमच धडधाकट घरी गेला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पंधरा दिवसांनी रानडे साहेबांनी सरांना बोलावलं. मीही गेले. वाटलं, तक्रार असणार. तक्रारच होती, पण स्टोअरवाल्यांची. सगळ्या डिपार्टमेंटमधून एकदम प्लगची मागणी आली होती आणि स्टोअरमधले प्लग संपले होते. टूलरूमची चिठ्ठी सगळ्यात वर होती.

"काड्यांची फिल्म याआधी एकदा दाखवली होती," साहेब म्हणाले. "तेव्हा एकानेही प्लग मागितला नव्हता."

त्यानंतर मी बरीच वर्षं फिल्म काढल्या. लोकांना शिकवायचं असेल तर चुकणारा माणूस आपल्यातलाच घ्यावा, शक्यतो स्वतःच. काम लवकर होतं. फक्त चिंचवड स्टेशनवर अनोळखी माणसं वेणीची चौकशी करतात, त्याची तयारी ठेवावी.