काजबटण काकूंची हजेरी

गल्लीत सगळे त्यांना काजबटण काकू म्हणत. लग्न होऊन आल्या तेव्हा कोपऱ्यावरच्या टेलरला शर्टांची काजं करून द्यायच्या, तेव्हा हे नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे स्वतःचं मशीन आलं, निम्म्या गल्लीचे कपडे काकूंच्या हातून जाऊ लागले, तरी नाव काही बदललं नाही. नजर तर अशी, की माणूस उंबऱ्यातून आत येईपर्यंत माप घेऊन मोकळ्या. "कंबर दोन बोटं पुढे गेली हो तुमची," असं तोंडावर सांगायच्या, आणि टेप लावला की तेवढंच निघायचं. अशा बाईच्या नजरेतून घरातलंच माणूस निसटलं. हे त्यांनी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

त्या वर्षी साथ आली आणि सगळं जग दारं लावून घरात बसलं. काका पाणीपुरवठ्याच्या पंपावर नोकरीला, त्यांना कुठली सुट्टी? ते सकाळी सहाला जात आणि संध्याकाळी आल्यावर दारातच कपडे बदलून थेट आंघोळीला पळत. मुलगा विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला, विषय भूगर्भशास्त्र. वसतिगृह एका दिवसात रिकामं करायला लावलं, तेव्हा एक बॅग आणि लॅपटॉप घेऊन तो घरी आला. पुस्तकं, हातोडी, गोळा केलेले दगड, सगळं तिकडेच कुलपात राहिलं.

"दगड आणले नाहीस ते बरं केलंस," काकू म्हणाल्या. "इथे तुलाच ठेवायला जागा नाही."

तेव्हा तो हसला होता.

मागची लहान खोली कापडाच्या गठ्ठ्यांची होती. गठ्ठे पलंगाखाली सारून काकूंनी ती त्याला दिली. मधली भिंत प्लायवुडची, आणि भिंतीच्या अलीकडे खिडकीखाली काकूंचं मशीन. पहिले पंधरा दिवस बरे गेले. मग त्याची रात्र हळूहळू पुढे सरकू लागली. आधी एकपर्यंत जागायचा, मग तीनपर्यंत, मग उजाडेपर्यंत. ऑनलाइन तास सकाळी आठचा. काकू रोज पांघरूण ओढायच्या, "ऊठ रे घुबडा, तुझ्या मॅडम आल्या!" आणि तो "पाच मिनिटं, आई" म्हणत तास निम्मा घालवायचा.

एका सकाळी त्या उठवायला गेल्या तर डोळे उघडेच. छताकडे बघत पडलेला.

"झोपला नाहीस?"

"येतच नाही गं."

"मग तासाला तरी बस."

"बसतो," म्हणाला आणि भिंतीकडे तोंड केलं.

चोळून चोळून लाल झालेले ते डोळे काकूंनी बघितले. त्यांनी गुपचूप लॅपटॉप उचलला आणि पुढच्या खोलीत कापड बेतायच्या टेबलावर ठेवला. कसं सुरू करायचं ते रोज बघून पाठ झालं होतं. कॅमेरा बंदच. मॅडम एकेक नाव घेत होत्या, मुलं खाली लिहीत होती. त्याचं नाव आलं. काकूंनी एका बोटानं शोधत शोधत तीन अक्षरं उमटवली: हजर. एक दिवस झोपू दे लेकराला, एवढंच मनात होतं. आता यात कुठल्या आईला पाप दिसेल?

दुपारी त्या म्हणाल्या, "तुझी हजेरी लावली हो मी."

"बरं," तो म्हणाला.

त्या 'बरं'वर एकाचे दोन दिवस झाले आणि दोनांचा महिना.

खरं सांगायचं तर काकूंना तो तास आवडायला लागला, आणि पुढे सगळ्यात जास्त टोचलं ते हेच. त्यांचं कॉलेज पहिल्याच वर्षाला सुटलेलं. आता समोर शिवायला घेतलेल्या मास्कांचा ढीग, हात नाड्या लावतायत आणि कान मॅडमकडे. वाळूचा थर, त्यावर चिखलाचा थर, लाखो वर्षांचा दाब. एकदा माइक बंद करायचा राहिला आणि पाय सवयीनं पायडलवर गेला. मॅडम बोलता बोलता थांबल्या.

"अरे, कुणाच्या घरी कारखाना सुरू झालाय? बंद करा बाबा तो."

कुणीतरी खाली लिहिलं, "मॅडम, भूकंप!"

सगळा वर्ग फिदीफिदी हसला. काकूही हसल्या, ओठ दाबून, वर्गातल्याच एखाद्या मुलीसारख्या.

मग तो खडकांच्या घडीचा दिवस आला. मॅडमनी एका डोंगराचा फोटो दाखवला. खडकाचे थर कमानीसारखे वाकलेले. बाहेरच्या वळणावर तडे, आतल्या बाजूला सगळं दाटीवाटीनं दुमडलेलं. "असं का झालं असेल? कुणी सांगेल?" काकूंच्या हातात तेव्हाच जाड कापडाची चारपदरी पट्टी होती. ती वाकवून त्यांनी क्षणभर निरखली आणि लिहिलं, "जाड कापड दुमडलं की बाहेरच्या पदराला लांबी कमी पडते, तो ताणतो. आतल्याला जास्त होते, त्याला चुण्या पडतात. दगडाचंही तसंच असेल."

मॅडमनी ते मोठ्यानं वाचलं. "शाब्बास! पुस्तकातलं नाही हे. कापड हातात घेऊन विचार केलाय या मुलानं."

काकूंचे कान गरम झाले. संध्याकाळी चहा देताना त्यांना राहवलं नाही. "आज तुला शाबासकी मिळाली बरं का."

"ऐकलं मी," तो म्हणाला. "छान लिहिलंस." कप तसाच ठेवून आत गेला. काकूंना वाटलं, लेकानं कौतुक केलं.

पुढच्या आठवड्यात विद्यापीठाचा फॉर्म आला. किती तास झोपता? झोप लागायला किती वेळ जातो? जेवण जातं का? कशातच मन लागत नाही, असं होतं का? एकटं वाटतं का? मॅडमनी बजावलं, "खरं ते भरा. तुम्हाला पकडायला नाही, मदत करायला विचारतोय." काकूंनी मागच्या खोलीकडे बघितलं. दार लोटलेलं. दुपारपर्यंत अंथरुणात असतो म्हणजे झोप होतेच की. आठ तास. जेवण व्यवस्थित. एकटं? छे, घरात आई आहे ना. घरातली रडगाणी चारचौघांत कशाला, म्हणत त्यांनी बटण दाबलं.

"जी मुलं तासाला येत नाहीत किंवा ज्यांचा फॉर्म बघून काळजी वाटते, त्यांना मी स्वतः फोन करतेय," मॅडमनी सांगितलं. पंधरा दिवस गायब असलेली एक मुलगी त्यानंतर परत आली. तिनं कॅमेरा लावला. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. मॅडम एवढंच म्हणाल्या, "आलीस? बस." काकूंना गलबलून आलं. कुणाची लेक बिचारी! आपल्याला मात्र असला फोन यायचा नाही, असंही त्यांना वाटून गेलं, आणि जरा अभिमानानंच वाटलं.

महिन्याभरानं एका सकाळी कपडे भिजवताना बोटाला काहीतरी टोचलं. मुलाच्या पँटच्या कमरेला मागून सेफ्टी पिन. एक नव्हे, दोन. कापड आत दुमडून आवळलेलं. म्हणूनच हल्ली तो वरून ढगळ शर्ट घालून हिंडायचा! काकूंनी ओल्या हातानंच टेप आणला आणि दुमडलेला भाग मोजला. तीन इंच.

त्या तिथेच मोरीत बसून राहिल्या. जिच्या मशीनवर गल्लीभरचे कपडे उसवून पुन्हा बेतले जातात, तिच्या मुलानं पँट पिनेनं आवळावी? 'आई, जरा आत घे' एवढंसुद्धा तो बोलला नव्हता. बोलला असता तर आईनं टेप लावला असता, आणि टेप खोटं सांगत नाही.

ओली पँट तशीच हातात घेऊन त्या मागच्या खोलीत गेल्या.

"हे काय आहे?"

"सैल होत होती."

"मग मला सांगायचं नाही?"

"तू तासाला बसलेली होतीस," तो म्हणाला.

काकू पलंगाच्या कडेला टेकल्या. "अरे राजा, तुझ्यासाठीच बसत होते ना मी? तुझी झोप व्हावी म्हणून."

"झोपत कुठे होतो मी? ही भिंत केवढीशी, सगळं ऐकू येतं. मॅडमनी माझं नाव घेतलं की मी इथून मनातल्या मनात हजर म्हणायचो. रोज वाटायचं, उद्या उठून बसू. मग ते तुझं घडीचं उत्तर ऐकलं. वाटलं, माझ्या जागेवर माझ्यापेक्षा बरं माणूस बसलंय. मग मी नसलो म्हणून कुणाचं काय अडणार?"

"नसलो म्हणजे?" काकूंचा आवाज चिरकला. "वर्गात, असंच ना रे? वर्गात नसलास तर?"

त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. काकूंनी त्याचं मनगट धरलं. दोन बोटांत मावलं.

मग तो म्हणाला, "मॅडम सगळ्यांना फोन करत होत्या. वर्गाच्या ग्रुपवर कळायचं. मला वाटायचं, मलाही येईल."

"आला असता तर घेतला असतास?"

"घेतला असता."

काकूंना तो फॉर्म आठवला. आठ तास. व्यवस्थित. नाही. एकेका बटणानं आपण आपल्याच पोराची वाट बुजवत गेलो.

"मी सांगते मॅडमना," त्या म्हणाल्या.

"हजेरी रद्द होईल. वर्ष जाईल, आई."

"जाऊ दे."

म्हणायला म्हणाल्या, पण फोन हातात घेऊन तासभर मशीनपुढे नुसत्याच बसल्या. मुलाच्या नावावर खोटेपणाचा शिक्का बसेल, काका काय म्हणतील, गल्ली काय म्हणेल. शेवटी त्यांची नजर टेपवर गेली. त्यांनी मॅडमचा नंबर लावला आणि मुलाचं नाव सांगितलं.

"अरे वा, तुम्ही त्याच्या आई का?" मॅडम उत्साहानं म्हणाल्या. "फार हुशार हो तुमचा मुलगा. एकही तास बुडवत..."

"मॅडम, तो नव्हता. मी होते."



"म्हणजे घडीचं ते उत्तर?"

"माझंच. मी शिवणकाम करते."

"आणि फॉर्म?"

"तोही मीच भरला. सगळा खोटा आहे. तो झोपत नाही, मॅडम. जेवत नाही. आज नसलो तर काय अडेल म्हणाला."

आता मॅडम फाडफाड बोलतील, असं काकूंना वाटलं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी रोज त्याचं नाव बघायचे आणि निश्चिंत व्हायचे हो," मॅडम हळूच म्हणाल्या. "त्याला द्या फोन. आणि दार उघडं असू द्या."

तो पाऊण तास बोलत होता. मधेच रडला, मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिला. काकूंनी तोवर दोन्ही पिना काढल्या आणि कमरेला टाके घातले. पक्के नव्हे, लांब लांब कच्चे टाके, ओढले की निघतील असे. जादाचं कापड त्यांनी कापलं नाही.

त्याचं ते सत्र बाद झालं. विद्यापीठातल्या समुपदेशक बाई दर आठवड्याला त्याच्याशी बोलू लागल्या, पुढे डॉक्टरांच्या गोळ्याही झाल्या. चांगल्या रात्री फार हळूहळू वाट्याला आल्या, आणि मधे पुष्कळ वाईट. काका काकूंना एका शब्दानं बोलले नाहीत, पण दोन दिवस पंपावरून आल्यावर मुलाच्याच खोलीत जमिनीवर बसून राहिले. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "काकू, किती करता हो मुलाचं!" काकू सुईत दोरा ओवत राहायच्या. वर्षभरात त्यांनी ते टाके तीनदा उसवले, दर वेळी थोडे थोडे.

नवं सत्र सुरू झालं तेव्हाही तास घरूनच होते. पहिल्या दिवशी आठला काकूंनी चहा नेला, तर तो उठून बसलेला, लॅपटॉप मांडीवर. त्या बाहेर आल्या. प्लायवुडपलीकडून मॅडमचा आवाज येऊ लागला. खडकांचे थर. काकूंचा कान आपोआप तिकडे वळला, आणि त्या स्वतःवरच चिडल्या. एकदा त्याची जागा घेतलीस तेवढी पुरे झाली! काही ऐकू येऊ नये म्हणून त्यांनी मुद्दाम मशीन जोरात सुरू केलं.

"आई!" आतून हाक आली. "भूकंप होतोय! माझं नाव येईल आता."

काकूंचा पाय हवेतच थांबला. आत नावं घेतली जात होती. त्यांनी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले, आणि त्याचं नाव येऊन जाईपर्यंत श्वाससुद्धा सोडला नाही.