शेवटच्या घराआधी डबल बेल नाही

जगाचा कारभार न्यूयॉर्कातून चालतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी माझे मामेसासरे पाहिलेले नाहीत. बायकोचे हे मामा राळेगावजवळच्या खेड्यात राहतात. जन्मभर एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी जगाचा विकास अंगावर घेतला. झालं असं की, ग्रामसभेत तालुक्याच्या एका साहेबांनी सांगितलं, जगातल्या सगळ्या देशांनी न्यूयॉर्कात बसून सतरा उद्दिष्टं ठरवलीत, ती २०३० पर्यंत गाठायचीत, आणि कोणालाही मागे सोडायचं नाही. बाकीचे पेंगत होते. मामा मात्र ताठ झाले. मागं कोणी सुटलं नाही ना, हे पाहिल्याशिवाय डबल बेल द्यायची नाही, हा त्यांचा नोकरीभरचा बाणा. मला म्हणाले, "जावईबापू, हे तं आपल्याच खात्याचं काम निंगालं!"

तेव्हापासून ही उद्दिष्टं त्यांनी यवतमाळ–राळेगाव रस्त्यावरच्या थांब्यांवर बसवली आहेत. गरिबी यवतमाळ स्टँडवर, स्वच्छ पाणी कळंबच्या अलीकडे. चौदावं समुद्रातल्या जीवांचं निघालं, तेव्हा त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "राळेगावहून समुद्राले गाडीच नाई. चौदावं कॅन्सल." बारावं उद्दिष्ट नासाडीचं. धाकट्या भाचीच्या, म्हणजे माझ्या मेहुणीच्या, लग्नात ते खरकट्या ताटांच्या टोपल्याशेजारी उभे राहिले आणि ज्याच्या ताटात बुंदी उरली, त्याला कंडक्टरच्या घंटीसारखं नाणं वाजवून जागेवर थांबवू लागले. एक टोला म्हणजे गाडी थांबवायची, दोन म्हणजे सोडायची. वरबापाला टोपल्यापुढे उभ्याउभ्या बुंदी संपवावी लागली. सोयरीक टिकली ती मुलीच्या पुण्याईनं. न्यूयॉर्कवाल्यांवर मात्र त्यांचा एक राग आहे. प्रत्येक देश तिथं जाऊन आपली प्रगती आपणच सांगतो, हे कळल्यावर ते दोन दिवस अस्वस्थ होते. "ज्यानं तिकीट काढलं नाई, त्यालेच इचारून चेकिंग होते का, जावईबापू?"

पुढं न्यूयॉर्कच्या त्या जागतिक संस्थेच्या एक मॅडम खरंच गावचं पाणी बघायला आल्या. पंचायतीपुढच्या नळाला हार घातला होता. पण चढावरच्या शेवटच्या घरात शेवंताबाई राहते, तिच्या नळाला कधी थेंब आला नव्हता. म्हातारी हापशीवरून पाणी वाहायची. मामा नोकरीत असताना बाजाराच्या दिवशी टोपली घेऊन ती थांब्यावर नेहमी उशिरा पोचायची आणि मामा तिच्यासाठी गाडी धरून ठेवायचे. मॅडमनी नळाला हात घातला, तोच मामांनी टेबलावरच्या स्टीलच्या तांब्यावर नाणं हाणलं. टण्! मॅडमचा हात थांबला.

"मामा, काहून गावाची इज्जत काढून राह्यले?" सरपंच कुजबुजले.

"इज्जत कायले काढू? शेवंता राह्यली ना मागं."

सगळी वरात चढावर गेली. मॅडमनी शेवंताबाईचा नळ सोडला. फुस्स झालं आणि एक मुंगळा बाहेर आला. मॅडमना आधी हसू फुटलं, मग त्यांनी वही काढली.

"नळ आला बाई," शेवंताबाई म्हणाली, "पाणी यायचं राह्यलं."

सरपंचांनी पुढं कितीतरी दिवस मामांशी बोलणं टाकलं होतं. त्यानंतरच्या हिवाळ्यात मामा अंगणात पडले आणि खाटेला खिळले. मी गेलो की तब्येतीचं सोडून एकच विचारायचे, "शेवंताकडं आलं का पाणी?" मला खोटं बोलावंसं वाटायचं, पण चेकिंगवाल्या माणसापुढं ते जमत नसे.

गेल्या महिन्यात चढासाठी वेगळा पंप बसला. शेवंताबाई नळाच्या पाण्याचा गडू घेऊन आली. मागं ओशाळलेले सरपंच होते. मामा पाणी प्यायले, निम्मं गळ्यावर सांडलं. मग उशीखालचं नाणं काढून त्यांनी लोखंडी खाटेच्या दांडीवर दोनदा वाजवलं. टण् टण्.

डबल बेलनंतर गाडी निघते, हे मला त्यांनीच शिकवलेलं. मी घाईघाईनं म्हणालो, "मामा, अजून सोळा उद्दिष्टं बाकी आहेत."

"पंधरा," मामा म्हणाले. "चौदावं कॅन्सल हाय."

"मग थांबा ना."

"थांबतो." त्यांनी नाणं माझ्या हातात ठेवलं. "पण आता मागं कोणी राह्यलं का, हे पाहाले तुमालेच जा लागन."