मूर्ती आमच्या दारावरून पुढे गेली

ऑक्टोबरात आमच्या गिरीज गावात मारियामातेची मूर्ती घरोघर फिरते. रोज एका घरी मुक्काम, तिथेच सगळ्यांची रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. त्या संध्याकाळी आमची पाळी होती. मी टेबलावर पांढरी चादर घातली, मेणबत्त्या लावल्या, प्रार्थनेनंतर वाटायला चणे उकडले. माणसं गाणं म्हणत आली आणि आमच्या दारावरून पुढे गेली. एकानेही मान वळवली नाही. मूर्ती शेजारी फिलूबायकडे शिरली.

दारात माझी नात उभी होती. ती आत गेली.

तिचा एका लग्नातला फोटो कुणीतरी उचलला होता. तोंड तिचं, अंग कुणा उघड्या बाईचं. गावातल्या मोबाईल-मोबाईलवर फिरला. आम्ही तक्रार केली. करणारा फिलूबायचा नातू निघाला. पोलिसांपुढे कबूल झाला.

मी फिलूबायकडे गेले. रोझरी संपू दिली. मग विचारलं, "आमचं घर का वगळलं?"

फिलूबाय म्हणाली, "बिनबाह्यांचा झगा घालून नाचायचं, जगाला फोटो दाखवायचे, आणि मग रडायचं? माझ्या पोराचं तेवढं दिसलं तुला!"

मागून एकजण बोलली, "आमच्याही पोरी आहेत. त्यांचे नाही कुणी बनवत."

प्रार्थना चालवणारे मास्तर मात्र गोड बोलले. "काकी, पोराची परदेशातली नोकरी अडलीय. तक्रार मागे घ्या. उद्याच मूर्ती आणतो तुमच्याकडे."

माझी शाळा चौथीपर्यंत. पण सौदा कळायला तेवढी पुरते. देवाच्या आईला पुढे करून ही माणसं माझ्या नातीचं तोंड बंद करायला बसली होती.

"मास्तर, तो फोटो तुम्ही पाहिलात?"

मास्तर जपमाळ खिशात घालू लागले.

"पाहिलात. इथे सगळ्यांनी पाहिला. पुसला कुणी?"

कुणाचा हात मोबाईलकडे गेला नाही.

घरी मुलगा म्हणाला, "आई, मागे घेऊ. याच गावात राहायचंय आपल्याला."

"म्हणूनच नाही घ्यायची," मी म्हटलं.

फिलूबायची वाडी माझ्या वाडीला लागून. केळीला पाणी सोडताना रोज तिचं तोंड दिसणार. दिसू दे. नातीला सांगितलंय, कोर्टात तू बोलायचं, मान वर करून बोलायचं. मी शेजारी उभी राहणार. त्या पोराची नोकरी जाईल म्हणतात.

जाऊ दे.