आधी लोखंड, मग चेहरा

हार्टमूट टोल्केकडे लोक मेलेल्या माणसांचे फोटो पाठवत. कुणाचे वडील, कुणाचे काका रणगाड्यावर बसून हसताहेत, आणि घरच्यांना हवं असतं एवढंच, की फोटो कधीचा? उत्तर जर्मनीत ल्यूनेबुर्गच्या माळाकाठी राहणारा हा सत्तरीचा सडाफटिंग. जन्मभर ट्रॅक्टर दुरुस्त केले, आणि आता भिंग घेऊन दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पँथर रणगाड्याचं वय सांगत बसे.

पँथर तीन प्रकारचे. आधी डी, मग ए, मग जी. बनवणाऱ्यांना मुळाक्षरं येत नसावीत, असं तो म्हणे. डीच्या माथ्यावरचं कमांडरचं टोपण सरळ उभ्या डब्यासारखं. एचं ओतीव आणि गोलसर, जीचंही तसंच. पण जीच्या पुढच्या पोलादातून चालकाची खिडकी काढून टाकली होती, आणि जी आला तो चव्वेचाळीसच्या मार्चमध्ये. एवढ्यावरून तो महिन्याचा अंदाज द्यायचा आणि उत्तराच्या कार्डावर खाली एक खरमरीत ओळ लिहायचा: "चेहऱ्यावरून रणगाडा ठरवू नका. आधी लोखंड वाचा, मग चेहरा." फोटोतला माणूस आपला नव्हेच, हे त्या कार्डावरून कळून कुणाच्या घरी रडारड होईल, याची त्याने कधी फिकीर केली नाही.

त्याच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात एक पँथर होता. त्यावर बसलेले वडील, तोंड जरा वळलेलं, डोळ्यांवर टोपीची सावली. फोटोचा खालचा अर्धा भाग काळ्या पुठ्ठ्याने झाकलेला. युद्ध हरल्यावर आईने तो लावला होता, रणगाड्यावरचा जर्मन सैन्याचा क्रॉस दिसू नये म्हणून. वडील त्रेचाळीसच्या नोव्हेंबरात युद्धात पडले, तेव्हा हार्टमूट एक वर्षाचा. टोपण गोल, म्हणजे पँथर ए, त्यात काय बघायचं? रोज सकाळी कॉफी ओतताना तो फोटोला सुप्रभात म्हणे, "मॉर्गन, पपा." घरात बोलणं मुळातच कमी. थोरली बहीण रोझविता वसंतात वृद्धाश्रमात गेल्यापासून तर तेवढंच.

तिचं कपाट बाहेर काढताना फोटो पडला. नवी काच बसवायची म्हणून हार्टमूटने चौकट उघडली आणि पुठ्ठा सोलला. सवयीने भिंग उचललं. वडिलांचे बूट, बुटांमागे पुढचं उतरतं पोलाद. खिडकी असायला हवी तिथे काहीच नव्हतं. त्याने भिंग पुसलं, पुन्हा पाहिलं, मग खुर्चीत बसला. जी होता. वडिलांना जाऊन निदान चार महिने झाल्यावर बनलेला.

इतकी वर्षं त्याने माणसावरून रणगाडा ठरवला होता, आणि ज्यांनी तेच केलं त्यांना टपालाने झापलं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली. पण त्याहून मोठी भीती रोझविताची होती. तिला वडील खरेखुरे आठवत होते. म्हातारपणी तिच्या हातून तो फोटो कसा काढून घ्यायचा?

रविवारी तीनला, कॉफी आणि आलुबुखाराच्या केकच्या वेळी, तो नवी काच लावलेला फोटो घेऊन वृद्धाश्रमात तिच्याकडे गेला. पुठ्ठा पुन्हा होता तसा चिकटवला होता.

"उघडलास ना?" रोझविताने केक कापता कापता विचारलं. "मग? कुठला निघाला?"

"ए," हार्टमूट म्हणाला. "त्रेचाळीसचा. शरद ऋतूतला."

तिने वर पाहिलं. "हार्टी, कान लाल झालेत तुझे. लहानपणापासून तुला खोटं बोलता येत नाही, आता कशाला शिकतोयस?"

"अगं, ए आहे म्हटलं ना."

"ते पपा नाहीत, मला माहितीये." तिने काटा खाली ठेवला. "पपांचा एकच फोटो होता, तो हांबुर्गच्या घराबरोबर जळाला. तू पाच वर्षांचा झालास तशी भुणभुण लावलीस, सगळ्यांच्या घरी पपा भिंतीवर आहेत, आपले कुठायत? युद्धावरून पाठीवर पिशवी घेऊन परतलेल्या एका शिपायाकडून आईने हा घेतला. खारवलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा दिला त्याच्या बदल्यात. वरनं मला दम, याला बोललीस तर बघ!"

"मग हा कोण?"

"त्या शिपायालाही ठाऊक नव्हतं."

"आणि तू इतकी वर्षं गप्प?"

"अरे, तू त्याच्यापायी रणगाडे शिकलास! मला वाटलं, कळलं असेल तुला कधीच, माझ्यासाठी गप्प बसतोयस."

त्याला हसू आलं नाही. "पपा कसे दिसायचे?"

रोझविताने आठवायचा प्रयत्न केला. "या फोटोकडे इतकी वर्षं बघितलंय ना, आता तोच चेहरा समोर येतो रे. कान तुझ्यासारखे होते. तेवढं पक्कं सांगते."

घरी येऊन हार्टमूटने नेहमीसारखं कार्ड भरलं. पँथर, जी. मार्च चव्वेचाळीसनंतर. माणूस: अनोळखी. कार्ड चौकटीच्या मागे खोचलं आणि फोटो खिळ्याला परत टांगला. दुसरी जागा त्याला सुचली नाही.

सकाळी कॉफी ओतताना तोंडातून सवयीने "मॉर्गन" निघून गेलं. पुढचा शब्द काही आला नाही.