कानामागची वीज आणि मोलगीचा घाट

मला गाडी लागते. सासर विसरवाडीजवळ, माहेर मोलगीकडे, मध्ये घाट. जीपमध्ये मी डोळे घट्ट मिटून, लिंबू हुंगत बसते, तरी ओकते. म्हणून आई आजारी आहे हे कळूनही मी चार महिने गेले नव्हते.

मग बचत गटाच्या ताईंनी निरोप आणला. कॉलेजचे एक सर डोळ्यांवर चढवायचा मोठा चष्मा घेऊन आलेत. त्यात बसल्या जागी घाट दिसतो, माणसाला मळमळतं, आणि ती मळमळ घालवायचं यंत्रही त्यांच्याकडेच आहे. जास्त गाडी लागणाऱ्या बाया हव्यात. माझी जाऊ लगेच म्हणाली, "इले लई जा! इले ते उभी जीप दखीसनी बी लागस." उभी जीप पाहूनही येणारी माझी ओकारी आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या कामाची ठरली.

पहिल्या फेरीत नवलाने डोळे उघडे ठेवले, तिसऱ्या वळणावर सरांचा बूट भरला. "उत्तम, ताई!" म्हणत सरांनी खूश होऊन लिहून घेतलं. मग माझ्या कानांमागे दोन चकत्या चिकटवल्या. त्यातून थोडी वीज सोडली की डोळ्याचं आणि कानाचं भांडण मेंदूत मिटतं म्हणे. आमच्याकडे दुपारी वीज नसते, सरांनी ती डबीत आणली होती. मुंग्या चालल्यासारखं झालं. अख्खा घाट चढले, पोट हललं नाही. टाळ्या पडल्या.

पण या वेळी मी सवयीने डोळे मिटले होते. चष्म्याआड कुणाला दिसणार? मात्र ही वीज जीपमध्ये चालणार असेल, तर खरं कळायलाच हवं होतं.

"सर, माझे डोळे बंद होते."

जाऊ म्हणाली, "आते बूट काढी ठेवा, सर!"

पुन्हा बसले, डोळे उघडे ठेवून. वळणं आली, गेली. पोट शांत. घाट असा दिसतो तर! फक्त त्यात मोहाचं एकही झाड नव्हतं, आडवी येणारी शेळी नव्हती, आणि कुणी माझ्या मांडीवर कोंबडी ठेवली नव्हती.

"सर, एक दिवस जीपमध्ये लावून जाऊ?"

"नाही ताई. हे फक्त चष्म्याच्या मळमळीवर आहे. जीप आमच्या अभ्यासात नाही."

चष्मा काढला तरी ती मळमळ थांबते, हे मात्र मी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी लिंबू घेऊन जीपमध्ये बसले. डोळे उघडे ठेवले. तीनदा ओकले, पण मोहाची झाडं पाहिली. आई अंगात ताकद नसतानाही तांब्या घेऊन दारात उभी होती.

"ये," म्हणाली, "आधी चूळ भर."